कात्री, कागद आणि चौदा वर्षं

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा मी अंगठ्याचं चित्र टाकून गप्प बसले. कोणीतरी लिहीलच, असा हिशेब होता. मग समितीतून थेट फोन आला. शाळेच्या आठवणी भरपूर आल्यात, वर्गाबाहेर उभं राहिल्याचे किस्से तर सात जणांनी पाठवलेत, तेव्हा तू दुसरं काहीतरी दे, फक्त तुझ्या कंपनीबद्दल नको, अशी सूचना मिळाली. म्हणून एका चित्रकाराची गोष्ट लिहिते आहे. माणूस फ्रेंच, जाऊन सत्तर वर्षं झाली. आपल्या शाळेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण माझ्यासाठी ही गोष्ट सुरू झाली ती आपल्या चित्रकलेच्या वर्गात.

सरांचं नाव लिहायची गरज नाही, आपल्या वेळी चित्रकलेला एकच सर होते. आठवीत त्यांनी आपल्याकडून चिकटचित्रं करून घेतली होती, आठवतंय? घोटीव कागदाचं पाकीट, डिंकाची बाटली आणि घरून आणलेली कात्री. अट एकच होती: पेन्सिल दप्तरात ठेवायची. आधी आकार काढायचा नाही, थेट कापायचं. पहिल्या बाकावरच्या, सगळं वहीत दोन रंगांच्या शाईने लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला हे झेपेना. मी कागदाच्या पांढऱ्या बाजूला गुपचूप मासा काढला आणि रेघेवरून कात्री चालवली. मासा सुरेख झाला. सर फिरत फिरत आले, त्यांनी तो उचलला, उलटा केला आणि मागची रेघ पाहिली. रागावले नाहीत. मासा जागेवर ठेवून पुढच्या बाकाकडे गेले. ते न रागावणंच मला जास्त लागलं.

पुढे एलिमेंटरीची परीक्षा दिली, इंटरमीजिएटला बसलेच नाही. दहावी आली, बारावी आली, मग इंजिनिअरिंग. रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

२०१४ च्या शेवटी कामानिमित्त काही आठवडे न्यूयॉर्कला होते. एका रविवारी थंडी फारच होती म्हणून ऊब मिळेल अशा जागी, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिरले. आत आंरी मातीस या चित्रकाराच्या कागदी कातरकामांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. एका दालनाच्या भिंतींवर गोणपाटासारखं कापड, त्यावर पांढऱ्या कागदाचा लांबच लांब पट्टा, आणि पट्ट्यावर निळे आकार: कोणी सूर मारतंय, कोणी पाण्यावर पाठ टेकून पडलंय, मध्येच एखादा जलचर. दोन्ही भाग मिळून सुमारे १६ मीटर लांबी. जवळ जाऊन पाहिलं तर कागदांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्याच होत्या, कुठे गुळगुळीत, कुठे किंचित अडखळलेल्या. पेन्सिलीची रेघ नव्हती. शेजारच्या फलकावर लिहिलं होतं की हे केलं तेव्हा मातीस ८२ वर्षांचा होता आणि त्याला फार वेळ उभं राहता येत नव्हतं. मला एकदम आपला वर्ग आठवला. सरांना हे चित्र ठाऊक होतं का, हे विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. सर आता नाहीत.

मग मातीसविषयी मिळेल ते वाचत गेले. त्याचं आयुष्य सांगायचं तर दोन आजारपणांच्या मध्ये ते बसवता येतं, आणि दोन्ही वेळा त्याला अंथरुणानेच वळण लावलं.

त्याचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ चा, उत्तर फ्रान्समधल्या ल कातो-कांब्रेसी या गावात. वाढला जवळच्या बोएँ गावात. हे विणकरांचं गाव, उंची कापडासाठी प्रसिद्ध. रंगीत धागे आणि कापडाचे नमुने तो लहानपणापासून बघत होता. वडिलांचं धान्याचं आणि बी-बियाण्यांचं दुकान, त्यातला रंगांचा भाग आई सांभाळायची. मुलाने सुरक्षित नोकरी करावी, हे वडिलांचं गणित आपल्याकडच्या कुठल्याही वडिलांसारखंच होतं. पॅरिसला जाऊन तो कायदा शिकला आणि एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून कागद खरडू लागला. विशीत त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला आणि बरेच दिवस पडून राहावं लागलं. वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली. एवढंच निमित्त. पेटी उघडली आणि आपलं काम हेच, हे त्याला कळून चुकलं. १८९१ मध्ये वकिली सोडून तो चित्रकला शिकायला पॅरिसला गेला. वडील खूप नाराज झाले.

पुढची वर्षं ओढगस्तीची होती. १८९८ मध्ये त्याने आमेली हिच्याशी लग्न केलं. घर चालावं म्हणून तिने टोप्यांचं दुकान चालवलं. दुसऱ्याच वर्षी, हातात पैसे नसताना, या गृहस्थाने सेझानचं एक छोटं चित्र विकत घेतलं आणि पुढे कितीही अडचण आली तरी ते सदतीस वर्षं विकलं नाही. शेवटी १९३६ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाला भेट देऊन टाकलं. १९०५ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात त्याची आणि त्याच्या मित्रांची भडक रंगांतली चित्रं पाहून एका समीक्षकाने त्यांना रानटी जनावरं म्हटलं, आणि फोव्ह हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. त्यानंतर मात्र चित्रं विकली जाऊ लागली, रशियातल्या एका व्यापाऱ्याने त्याच्याकडून मोठमोठी चित्रं करून घेतली, आणि पिकासोच्या बरोबरीने त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९१७ पासून तो दक्षिणेला, समुद्रकाठच्या नीस शहरात राहू लागला.

इथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९३० मध्ये अमेरिकेतल्या बार्न्स या संग्राहकाने आपल्या दालनाच्या कमानींखाली बसेल असं प्रचंड भित्तिचित्र मातीसकडे मागितलं. नाचणाऱ्या आकृती एवढ्या मोठ्या की जरा सरकवायची म्हटली तरी पुन्हा रंगवायला दिवस जावा. म्हणून त्याने युक्ती काढली. रंगवलेले कागद कापायचे, टाचण्यांनी लावायचे, आणि हवे तसे हलवत राहायचे. काम बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की मापंच चुकली आहेत. त्याने सगळं पुन्हा केलं. १९३३ मध्ये भित्तिचित्र जागेवर लागलं. चुकीच्या मापांवर कित्येक महिने उभं केलेलं काम पाडून पुन्हा बांधणं काय असतं, हे आपल्यातल्या सगळ्या इंजिनिअरांना वेगळं सांगायला नको. पण महत्त्वाची ती टाचण्यांची युक्ती. त्या वेळी ती नुसती सोय होती, खरं चित्र रंगांतच व्हायचं. पुढे आठ-दहा वर्षांनी तीच त्याच्या उपयोगी पडणार होती.

याच सुमारास लिदिया देलेक्तोर्स्काया ही तरुण रशियन मुलगी त्याच्याकडे कामाला आली. आधी मदतनीस म्हणून, मग आजारी आमेलीची सोबत म्हणून, आणि नंतर ती त्याच्या कामाचा सगळा कारभारच पाहू लागली. आमेलीला ते सहन झालं नाही. चाळीस वर्षांचा संसार मोडून १९३९ मध्ये दोघं विभक्त झाली. चित्रांसाठी मातीसने घरच्यांकडून खूप घेतलं, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही नाकारलेलं नाही. मग युद्ध आलं. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा त्याच्याकडे ब्राझीलला जायची सोय होती, पण तो देश सोडून गेला नाही.

जानेवारी १९४१. वय ७१. पोटातलं दुखणं असह्य झालं आणि आतड्याच्या कर्करोगासाठी लियोंमध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने डॉक्टरांकडे आपलं काम पुरं करण्यासाठी तीन-चार वर्षं मागितली होती. नंतर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, आशा जवळजवळ संपली होती. तो वाचला तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींनी त्याचं नावच मेलेल्यांतून उठलेला असं ठेवलं. पण उठलेला माणूस पूर्वीचा नव्हता. पोटाचे स्नायू कायमचे दुबळे झाले. फार वेळ उभं राहणं अशक्य, दिवसाचा मोठा भाग अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत. कॅनव्हाससमोर तासन्‌तास उभं राहून रंगवणं, ज्यावर पन्नास वर्षं गेली, ते आता जेमतेमच जमणार होतं.

तेव्हा त्याने ती जुनी टाचण्यांची युक्ती बाहेर काढली. मदतनीस मुली पांढऱ्या कागदांवर जलरंगासारखा पण दाट, अपारदर्शक गुआश रंग लावून ठेवायच्या. निळा, पिवळा, हिरवा, नारिंगी, त्याने ठरवून दिलेल्या छटेचाच. कागद वाळले की तो एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात शिंप्याकडे असते तशी मोठी कात्री घेऊन कापत बसायचा. आधी पेन्सिल नाही, थेट रंगात कात्री. रेघ आणि रंग ही चित्रकारांची जुनी दोन कामं त्या एका कात्रीत एकत्र झाली. कापलेला आकार मुली भिंतीवर टाचायच्या आणि तो पलंगावरून सांगायचा: वर, जरा डावीकडे, नको, मघाचं बरं होतं. एकेक आकार कित्येकदा हलायचा. अजूनही त्या कागदांवर टाचण्यांची भोकं दिसतात.

१९४३ मध्ये नीसवर बॉम्बहल्ल्यांची भीती वाढली म्हणून तो जवळच्या वांस गावात राहायला गेला आणि तिथे ‘जाझ’ नावाच्या पुस्तकाची चित्रं करत राहिला. सर्कस, तलवारी गिळणारा, आकाशातून कोसळणारा माणूस, अशी वीस चित्रं. रंग उत्सवाचे आहेत, पण नीट पाहिलं तर त्यात पडणं आहे, जखम आहे. ते साहजिकच होतं. १९४४ मध्ये त्याची विभक्त पत्नी आमेली आणि मुलगी मार्गरीत, दोघींना प्रतिकार चळवळीचं काम करत असल्याबद्दल गेस्टापोने पकडलं. आमेली सहा महिने तुरुंगात होती. मार्गरीतचा अनन्वित छळ झाला. छळछावणीकडे निघालेल्या गाडीतून ती वाटेतच सुटली म्हणून वाचली. या काळात मातीसला दोघींचा ठावठिकाणा माहीत नव्हता. अंथरुणात पडलेला म्हातारा दुसरं काय करणार, तो काम करत राहिला. १९४७ मध्ये ‘जाझ’ छापून आलं तेव्हा लोक खूश झाले, हा मात्र नाखूश. छपाईत कागदाचा जिवंतपणा गेला, असं त्याला वाटलं. त्यानंतर त्याने छापण्यासाठी म्हणून नव्हे, भिंतीसाठी कापायला सुरुवात केली.

त्याची सुरुवात १९४६ मध्येच झाली होती, आणि तीही किती साधी! पॅरिसच्या घरात भिंतीवर एक डाग होता. तो झाकायला त्याने पत्र लिहायच्या कागदातून एक पाकोळी कापली आणि डागावर लावून घेतली. ती एकटी दिसली म्हणून शेजारी मासा आला. हळूहळू भिंत भरली, मग दुसरी. सोळा वर्षांपूर्वी ताहिती बेटावर पाहिलेलं आकाश आणि समुद्र असे खोलीत परत आले. जिथे जाता येत नव्हतं ती जागा त्याने पलंगापाशी बोलावली.

आता वांसच्या प्रार्थनामंदिराची हकिगत. शस्त्रक्रियेनंतर १९४२ मध्ये रात्रीच्या शुश्रूषेसाठी मोनिक बुर्ज्वा नावाची तरुण परिचारिका त्याच्याकडे होती. दोघांची छान गट्टी जमली, तिला समोर बसवून त्याने चित्रंही केली. पुढे ती जोगीण झाली आणि योगायोगाने वांसमध्येच राहू लागली. तिच्या मठाला एक लहान प्रार्थनामंदिर बांधायचं होतं. ती सल्ला विचारायला गेली आणि मातीसने पूर्ण इमारतच अंगावर घेतली. स्वतः तो धार्मिक नव्हता. चार वर्षं त्याने दुसरं फारसं काही केलं नाही. काचेच्या खिडक्यांचे आराखडे कागद कापून केले: पिवळा, हिरवा, निळा, तीनच रंग. समोरच्या भिंतीवर पांढऱ्या फरशा आणि त्यावर काळ्या रेघांच्या आकृत्या. त्या काढायला तो लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधायचा. याच बांबूने त्याने रात्री झोप लागत नसे तेव्हा पलंगावरच्या छतावर नातवंडांचे चेहरे काढले होते. २५ जून १९५१ ला प्रार्थनामंदिराचं उद्घाटन झालं तेव्हा तब्येतीमुळे त्याला जाता आलं नाही.

आणि १९५२ च्या उन्हाळ्यात तो पोहण्याचा तलाव, जो मी न्यूयॉर्कला पाहिला. सूर मारणारी माणसं बघायची म्हणून त्याला गाडीतून कानला एका तलावावर नेलं. ऊन इतकं की थांबवेना. घरी परतून त्याने जेवणघराच्या भिंतीवर, डोक्याच्या जरा वर, सगळीकडे पांढऱ्या कागदाची पट्टी लावून घेतली आणि निळ्या कागदातून स्वतःचा तलाव कापला. ज्या माणसाला स्वतःच्या पायांनी पायरी उतरणं अवघड, त्याच्या जेवणाच्या टेबलाभोवती माणसं सूर मारत होती.

काही समीक्षकांना हे सगळं म्हाताऱ्याचा पोरखेळ वाटलं. रंगांचा एवढा मोठा मानकरी आणि आता बालवाडीसारखं कागद कापतोय! आज त्याच कागदांपुढे रांगा लागतात. पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय होतं, ते संग्रहालयात कळलं नाही. ते दहा वर्षांनी माझ्याच घरात कळलं.

माझ्या आईला तुमच्यापैकी बरेच जण ओळखता. परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे अभ्यासाच्या नावाखाली जमलेल्यांनी तिच्या हातची खिचडी खाल्ली आहे. आमच्या दारापुढची रांगोळीही आठवत असेल. ठिपक्यांची नव्हे, मुक्तहस्त. रोज नवी, सकाळी सहाला. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे पुण्याला आली आणि चौथ्या मजल्यावरच्या चिंचोळ्या दारातही रोज काढायची. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण खाली बसणं कायमचं बंद. रांगोळीही बंद.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. औषधांचं, व्यायामाचं, मदतनीस बाईंच्या पाळ्यांचं वेळापत्रक संगणकावर करून फ्रिजला लावलं. टॅबवर कोडी, भजनं, जुन्या मालिका भरून दिल्या. सगळं चोख चाललं होतं. आई मात्र दिवसेंदिवस सोपी होत चालली. काय खाशील? काहीही चालेल. कुठली साडी? कुठलीही. खिडकी उघडू? बघ तुला वाटलं तर. आयुष्यभर भाजीवाल्याकडची एकेक गवार निवडून घेणारी बाई. डॉक्टर म्हणाले, प्रगती चांगली आहे. मला धडकी भरली होती.

एका रात्री मातीसचा पलंगावरचा, कात्री हातात घेतलेला फोटो समोर आला. दुसऱ्या दिवशी मी घोटीव कागदाची पाकिटं आणि कात्री तिच्या पुढ्यात ठेवली. तिने माझ्याकडे अशी पाहिलं की मी आठवीत गेले. मी काय बालवाडीत आहे का, म्हणाली. कागद दोन आठवडे तसेच पडून होते. मी नाद सोडला.

मग दिवाळीच्या आधी, मी मीटिंगमध्ये असताना, आतून हाक आली. हा निळा फार पोरकट आहे, जरा गडद मिळेल का? मी बाहेर येऊन पाहिलं तर पलंगावरच्या टेबलावर वेल, कोयऱ्या, एक मोठा मासा. रांगोळीतले तिचे सगळे आकार, बोटांतून पडायचे ते आता कात्रीतून आले होते. हवा तो निळा दुकानात मिळेना. शेवटी पोस्टर कलर आणून मी जाड कागद रंगवायला बसले. पहिला तिने नापास केला. दुसरा जरा बरा. तिसरा चालला. मग भिंतीवर लावणं सुरू झालं. मी स्टुलावर, ती पलंगावरून: वर. डावीकडे. एवढं नाही गं. मघाचंच बरं होतं.

तेव्हा मला कळलं. अंथरुणात पडलेल्या माणसाचं सगळं दुसरे ठरवतात. आंघोळ कधी, गोळी कधी, दिवा कधी मालवायचा. प्रेमाने ठरवतात, पण दुसरेच ठरवतात. मातीसचा दिवस कसा जायचा? हा निळा की तो, पान तिथे की चार बोटं वर, हा आकार ठेवायचा की काढायचा. सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो निर्णय, आणि सगळे त्याचे. त्याचा आजार काही गेला नव्हता. पोट तसंच होतं, झोप तशीच नव्हती, डोळे आणि हृदय कुरकुरत होतं. बरं झालं ते एवढंच की दिवस पुन्हा त्याच्या मालकीचा झाला. कला माणसाला बरं करते म्हणतात तेव्हा मला आता एवढंच समजतं, आणि ते थोडं नाही.

यात मातीस महान होता आणि आई नाही, हा फरक आहेच. तो पन्नास वर्षांची साधना घेऊन पलंगावर गेला. पण आईनेही चाळीस वर्षं रोज सकाळी हात चालवला होता. ते मी कधी साधनेत धरलं नव्हतं, एवढंच.

तिचा खुबा आता जेवढा सुधारायचा तेवढा सुधारला आहे. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. काही दिवस कात्रीला हात लावत नाही, काही दिवस माझ्यावरच चिडते. पण काहीही चालेल, हे वाक्य घरात पुन्हा फारसं ऐकू आलेलं नाही. कालच उपम्यात मीठ कमी होतं म्हणून सुनावलं. त्या पहिल्या दिवसाचा मोठा मासा मी सवयीने उलटा करून पाहिला होता. मागे रेघ नव्हती.

मातीसने चार वर्षं मागितली होती, त्याला जवळजवळ चौदा मिळाली. ३ नोव्हेंबर १९५४ ला नीसमध्ये हृदयविकाराने तो गेला तेव्हा ८४ वर्षांचा होता. शेवटचं काम अमेरिकेतल्या एका चर्चच्या गोल खिडकीचा आराखडा, तोही कागद कापूनच केलेला. जाण्याआधी अगदी शेवटच्या दिवसांत लिदिया केस धुऊन डोक्याला टॉवेल गुंडाळून आली, तर त्याने साधं बॉलपेन मागून तिचं चित्र काढलं. बावीस वर्षं त्याचे कागद रंगवून घेणारी, टाचण्या लावणारी, रात्री जागणारी ही बाई. आता मला या गोष्टीत त्याच्याइतकीच तीही दिसते.

आपण सगळे पन्नाशीकडे निघालोय. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी कोणीतरी पलंगावर आहे किंवा लवकरच असेल, आणि काही वर्षांनी तो पलंग आपला असेल. तेव्हा वेळापत्रक लावाच, मी अजूनही लावते. पण त्या माणसाच्या हाताने आयुष्यभर काय केलं, हे एकदा आठवून बघा. पेटी असेल, सुई असेल, तबला असेल, खडू असेल. आणि कागद आणून दिलेत तर रंग कोणता, हे त्यांना ठरवू द्या.

मेळाव्याला आईचे काही कागद घेऊन येते आहे. आपल्या चित्रकलेच्या खोलीत तासाभरासाठी लावता आले तर बघू, समितीशी बोलणं झालं आहे. मला तो मासा आणायचा होता. आईने नको सांगितलं. तो तिला आता पटत नाही, शेपटी चुकली आहे म्हणे. कोणते पाच आणायचे, ते तिने काढून ठेवले आहेत.